बिरूचा फाटका आवाज

कापूस फुटला की माझी बोटं अजून दुखतात. आता मी वेचत नाही. शेत पोरगं बघतं, वेचायला गावातल्या बाया येतात, मी बांधावर बसून असतो. तरी नखांच्या कडेला दुखतंच. वाळल्या बोंडाची टोकं तिथं चाळीस वर्षं टोचलीत, ती जागा विसरत नाही.

थंडी पडली, की सकाळी दव उडेपर्यंत कापसाला हात लावायचा नसतो. ओला कापूस गंजीत गेला की पिवळा पडतो. तेवढा वेळ बाया धुऱ्यावर, शेताच्या कडेला, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून शेकत बसतात. त्या धुराचा वास आला की मी मान वळवून बघतो. कौसल्या तिथं बसायची, पाय पोटाशी घेऊन, पदर कानावरून घट्ट. मागच्या थंडीत ती गेली. हा तिच्याबगर पहिला कापूस.

कुणी म्हणतं, रंगनाथा, लिही काहीतरी, मन हलकं होईल. मी सहावी शिकलेला माणूस. मन हलकं करायसाठी मी लिहायला बसलो नाही. एक चूक माझ्या नावावर हाय, ती लोकांसमोर ठेवायची म्हणून बसलो. आणि ती ठेवायची तर बिरूबद्दल लिहावं लागतं.

बिरू म्हणजे बिरू गिटारवाला. आमच्या भागात पन्नाशीच्या वरच्या कुणालाही विचारा. निम्मे म्हणतील, असा वाजवणारा पुन्हा झाला नाही. निम्मे थुंकतील. दोघंही खरं बोलतात.

मेंढरं राखणाऱ्याचं पोर. कापसाची वेचणी संपली की त्याचा बाप आमच्या शिवारात मेंढरं बसवायचा. मेंढरं पऱ्हाटीचा पाला खायची, रात्री वावरात बसायची, जमिनीला खत व्हायचं. बदल्यात आमी ज्वारी द्यायचो. बिरू मेंढरांमागं पावा वाजवत फिरायचा. मग सेलूला जिनिंगमध्ये हमालीला गेला. तिथून दोन वर्षांनी आला तो गळ्यात गिटार अडकवून. ती कुठून आणली, त्याचं त्यालाच मालूम.

आल्यावर पहिलं काम काय केलं? मंडपवाल्याचा एक मोडका स्पीकर घेतला आणि आतल्या कागदाला ब्लेडनं चिरा पाडल्या. मंडपवाला बोंबलला. बिरू म्हणाला, "दादा, चांगला आवाज समद्यांकडं हाय. मला फाटका पायजे."

तो आवाज कसा होता, हे कसं सांगू? सरकीपासून कापूस तोडताना जिनिंगचे रूळ जसे करकरतात ना, तसा. एकदम गोड नाही. दातावर येणारा. पण खाली गडी हलगी वाजवायचा, दुसरा धनगरी ढोल, आणि वर तो करकरणारा सूर लांबत लांबत जायचा. ऐकताना वाटायचं, आपल्या आत काहीतरी सरकीला चिकटून बसलेलं होतं ते हा माणूस ओढून काढायलाय. मधीच मेंढरं वळवायची आरोळी द्यायचा. हुर्र केलं की बाजारातली कुत्री सुद्धा उठायची. गळा काही फार चांगला नव्हता. पण खोटा नव्हता. लग्नातली ठरलेली गाणी सांगितली की तोंड वाकडं करायचा. स्वतःचीच गायचा. गाणी कशाची? पाणी नसलेल्या नळाची. सरपंचाच्या नव्या जीपची. बापानं शाळेतून काढलेल्या पोरीची. नाव घेऊन गायचा, तोंडावर गायचा.

आणि माणूस कसा? वाईट. मेला म्हणून मी गोड लिहिणार नाही. दारू प्यायचा. ठरल्या जागी यायचा नाही, आला तर नवरदेवाच्या बापाला शिव्या द्यायचा. बायको आणि दोन लहान पोरी टाकून गाडीवर सामान घालून वर्ष वर्ष फिरायचा. ती बाई भावाच्या दारात राबली. विहीर खांदणारा दारू पीत होता म्हणून आपण त्या विहिरीचं पाणी सोडत नाही. पण त्याच्या बायकोला ते पाणी कसं लागत असंल, हे विचारायला पायजे. मी बरीच वर्षं ना पाणी प्यालो ना तिला विचारलं.

आता ती थंडी.

मधल्या वेचणीचे दिवस. शेत पांढरंफेक. असा कापूस मी पुन्हा पाहिला नाही. दुपारच्या उन्हात डोळे दिपायचे. आणि भर थंडीत आभाळ भरून आलं. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की गेलंच सगळं. मी गावातल्या होतील तेवढ्या बाया गोळा केल्या. त्याच सकाळी जिंतूरच्या पल्याडहून निरोप आला, कौसल्याची माय लय आजारी हाय, लेकीला पाठवा. दोन एसट्या बदलून जायचं गाव. कौसल्यानं पिशवी भरली, माझ्यापुढं उभी राहिली. तोंडानं काही बोलली नाही. मी आभाळाकडं बघत म्हणलं, "दोन दिवस थांब. एवढं शेत निघू दे."

ती थांबली. कमरेला कापसाची ओटी बांधून पातीला लागली.

पाऊस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा मायची माती होऊन गेली होती. माय बघायला मिळाली नाही, राख बघायला मिळाली.

परत आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पातीला. मला वाटलं, सावरली. आमच्यात बाईमाणूस सावरलं का नाही हे बघायची रीत हीच. कामाला लागली का? लागली. झालं.

पात म्हणजे काय ते सांगतो. वेचताना एकेक बाई दोन दोन ओळी धरते आणि सगळ्या सोबत पुढं सरकतात. पुरुष लांब कडेला वेचायचे, गाठोडी बांधायचे. पातीत बाया गाणी म्हणायच्या. एकीनं एक ओळ टाकायची, दुसरीनं दुसरी जोडायची. सासू, नवरा, दीर, कुणाची कुणाला भीती नाही. त्याला कायदा एकच: पातीतलं पातीत ठेवायचं. घरी न्यायचं नाही. पुरुष बांधावर आला की गाणं बदलायचं. आमाला हे ठाऊक होतं. आमी मुद्दाम खाकरून यायचो.

बांधाच्या पलीकडं, वेचून झालेल्या शेतात बिरू बापाची मेंढरं घेऊन बसलेला असायचा. त्याला कुणी खाकरायला सांगितलं नव्हतं.

महिनाभरानं मी ताडकळसच्या बाजारात गेलो. मिरच्या घ्यायच्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बिरूचा खेळ चालू, ही गर्दी. मी बी उभा राहिलो; खोटं कशाला सांगू, आवडायचं मला. हलगी थांबली, तो फाटका सूर एकटाच लांब गेला, आणि वरून ओळ आली:

कापूस भिजंल म्हणून मला जुंपलं पातीला,
रंगनाथा, तुझ्यापायी मुकले मायच्या मातीला.

एकदा म्हणून थांबला नाही. ‘रंगनाथा’ वर गिटार अशी ओढायचा की नाव बाजाराच्या त्या टोकाला जाऊन परत यायचं. मिरचीवाली म्हणाली, "कोन मुडदा हाय गं हा रंगनाथ?" माझ्या गावचे तिघं शेजारी उभे. एकानं खाली बघितलं. दोघांनी माझ्याकडं.

मी ट्रॉलीवर चढलो. गिटार हिसकली आणि ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आपटली. तीनदा. मग त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरणा, दणकट. पण हात उचलला नाही.

मी ओरडलो, "माझं नाव कुनी घातलं त्यात?"

तो रक्त पुसत म्हणाला, "मी घातलं. दुसरं कोन घालंल?"

आणि मी ते खरं मानलं. मानणारच. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नसते. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. कौसल्या मला हाक मारायची तर ‘अवो’, नाहीतर ‘ऐकलं का’. दवाखान्यात चिठ्ठीवाल्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तर ती शेजारच्या बाईकडं बघायची, मग ती बाई सांगायची. त्यात ‘तुझ्यापायी’. मला अरे-तुरे! ओळ कौसल्याची असंल हे मला कळत होतं, दुःख तिचंच होतं. पण नाव? नाव त्या दारुड्यानं घुसडलं, माझी इज्जत काढायला. यात मला तिळभर शंका आली नाही.

घरी येऊन मी कौसल्याला म्हणलं, "तुझ्या तोंडी माझं नाव घातलं त्या हरामखोरानं." ती भाकरी थापत होती. हात थांबला. मग पुन्हा थापायला लागली.

मी एवढ्यावर थांबलो नाही. गाव गोळा केलं. बिरूच्या बापाची मेंढरं आमच्या शिवारात बसू द्यायची नाहीत, असं ठरवलं. आजूबाजूच्या दोन गावांत मीच फिरलो, तिथं बी तेच करवलं. म्हातारा पागोटं हातात घेऊन माझ्या दारात आला होता. मी पाणी सुद्धा विचारलं नाही. ते लोक मग लांब निघून गेले. बिरू त्यानंतरच जास्त भटका झाला, असं लोक म्हणतात. त्यानं बायको टाकली ते पाप त्याचंच. पण त्याच्या पायाखालची जमीन मी ओढली, हे माझं.

गाणं काही थांबलं नाही. कॅसेटी निघाल्या. टेम्पोवाले लावायचे, चहाच्या गाड्यावर लागायचं. रस्त्यानं ते वाजत गेलं की कौसल्याचं काम थांबायचं. पाणी शेंदत असली तर दोर धरून तशीच उभी. मला वाटायचं, लाज वाटायली बिचारीला. मी जाऊन टेम्पोवाल्याला शिव्या द्यायचो. नंतर पोराच्या मोबाइलमध्ये ते सापडलं, तर मी पुसायला लावलं. तीस वर्षं मी तिला तिचंच गाणं ऐकू दिलं नाही. वरून मनात म्हणायचो, मी तिची अब्रू राखायलोय.

बिरू परवाच्या साली मेला. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात. मला कळलं तेव्हा मी "बरं" म्हणलं.

यंदा दिवाळी झाल्यावर एक बाई स्कूटीवर दारात आली. तिशीची, पाठीला लांबडी काळी पिशवी. म्हणाली, "आबा, मी सुनंदा. बिरूची धाकटी." जिंतूरला शाळेवर शिकवते. बापाची गाणी बसवायलीय, चार जणांना घेऊन. गावोगाव म्हणणार.

मी सरळच विचारलं, "तुला टाकून गेलता ना गं तो? मग त्याची गाणी कशाला?"

राग आला नाही तिला. "बाप म्हणून लय वाईट होता, आबा. माझ्या मायनं त्याचा फोटो घरात लावू दिला न्हाई. मी बी लावत न्हाई. पण ह्या गाण्यांचं काय करू? ती माझ्या डोक्यातून जाईनात. शहरात अशा गाण्याला रॉक म्हणतात. तिकडची पोरं मला विचारतात, हे तुमी कुठं शिकलाव? काय सांगू, मेंढरामागं?"

"आमी त्याला बिरूचा धिंगाणा म्हणायचो."

हसली. मग म्हणाली, "तुमच्या नावाच्या गाण्याचं विचारायला आले. माझ्या बापानं कुनाला विचारलं न्हाई. मी विचारायलेय. नाव काढू का?"

तीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते दारात चालून आलं होतं. मी म्हणलं, "काढ. पहिल्यापासून ते त्याचंच होतं. आमच्या हिचं नव्हतं."

"बरं," म्हणाली. वहीत काहीतरी खोडलं. चहा घेतला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया जेवायला बांधावर बसल्या. धुरपदा त्यात होती. ती कौसल्याची जोडीदारीण, आयुष्यभर दोघींची पात शेजारी. आता पाठीत वाकली तरी वेचायला येते. बाकीच्या बाया पोरीबाळींच्या गप्पांत, एकीच्या ओटीत मोबाइल वाजायलेला. मी धुरपदाजवळ बसलो आणि सांगितलं, बिरूची लेक आलती, नाव काढायला लावलं. जरा फुशारकीनंच सांगितलं असंल.

धुरपदानं घास खाली ठेवला.

"भावजी, नाव कुनाचं काढलं तुमी?"

"माझं. बिरूनं घातलेलं."

"बिरूनं?" ती माझ्याकडं बघत राहिली. "म्हातारं झालाव, पन अक्कल आली न्हाई. त्या मेंढक्याला काय पडलंय तुमचं नाव घालायचं? नाव तिनं घेतलं व्हतं. ह्याच वावरात. मी शेजारच्या पातीला व्हते."

मी आणखी जवळ सरकलो.

"मायची राख बघून आली, दुसऱ्या दिवशी. तुमी गाठोडी टाकायला घरी गेलता. आमी कुनी गानं म्हणत नव्हताव, तिच्याकडं बघून. तिनंच म्हणलं. पयली ओळ म्हणली, थांबली, आन मग नाव घेतलं तुमचं. आरडून. पाठ सरळ करून, आभाळाकडं तोंड करून. आमी समद्या गप झालाव. कुनी पुढची ओळ जोडली न्हाई. काय जोडावं?"

"मग त्यानं का म्हणलं, मी घातलं?"

"तुमी त्याचा ओठ फोडला तवा मलाच पाठवलं हळद घेऊन कौसानं. ती त्याच्यावर बी चिडली व्हती, पातीतलं बाजारात का नेलंस म्हणून. तसं मी त्याला बोलले. तो म्हणला, ‘चूक झाली, वैनी. गानं लय खरं व्हतं, ऱ्हावलं न्हाई. पन नावाचं मी कुनाला सांगत न्हाई. मार खाल्लाय तो माझ्यावरच ऱ्हाऊ दे.’ कौसानं मला शपथ घातली. ती हाय तवर बोलायचं न्हवतं. आता ती न्हाई."

मग तिनं भाकरी उचलली. "आन टेम्पो जाताना ती उभी ऱ्हायची ना, ती लाजून न्हवं. ऐकायला. तुमी शिव्या द्यायचाव म्हणून तिला निम्मंच ऐकू यायचं."

बाया पुन्हा पातीला लागल्या. मी तिथंच. ऊन कलेपर्यंत उठलो नाही.

एकाच माणसात किती काय राहतं याचा मी त्या दिवशी बांधावर बसून विचार केला. बायको-पोरींना ज्यानं वाऱ्यावर सोडलं, त्यानं माझ्या बायकोची लाज स्वतःच्या फुटक्या ओठावर घेतली. बापाचं शिवार गेलं तरी तोंड उघडलं नाही. एक शब्द बोलला असता, "जा, तुझ्या बायकोला इचार," तर मार कुणाच्या घरात पडला असता? मी तेव्हा कसा होतो हे मला चांगलं ठाऊक हाय. त्यालाही होतं. त्याला साधू करायचं मला कारण नाही. न विचारता दुसऱ्याचं दुःख उचलणारा तो, हे खरंच. पण उचललं नसतं तर ते याच वावरात मातीत गेलं असतं, आणि मला कधीच कळलं नसतं की माझी बायको मला काय म्हणाली.

कारण मी तिला बोलू दिलं नव्हतं. त्या दिवशी ती पिशवी घेऊन पुढं उभी होती तेव्हाही मी आभाळाकडंच बघत होतो.

आणि दुसरं एक. आमचा संसार बेचाळीस वर्षांचा. त्यात तिनं मला नावानं हाक मारली ती हीच, एकदा. मायेनं नाही, रागानं. तरी माझीच हाक. आणि ती मी कालच खोडायला लावली होती.

दुसऱ्या दिवशी पोराला म्हणलं, जिंतूरला सोड मला. शाळा सुटायच्या वक्ताला पोचलो. सुनंदाच्या घरी ओसरीवर तिची माय बसली होती, बिरूची बायको. मी आधी तिच्यापुढं उभा राहिलो आणि मेंढरांचं जे केलं ते कबूल केलं. तिनं ऐकून घेतलं. "बसा," एवढंच म्हणाली. माफ केलं का नाही ते मी विचारलं नाही, तो हक्क माझा नाही.

सुनंदाला म्हणलं, "नाव परत घाल."

"आबा, लोक हसतील. तुमच्याच गावात म्हणनार हाव आमी."

"हसू दे. ते माझ्या बायकोचं हाय. तिनं घेतलेलं."

तिनं वही उघडून नाव परत लिहिलं. पिशवीतून गिटार काढली, छोटा स्पीकरचा डबा लावला. त्या डब्यातला आवाज शाबूत होता, पण तिनं एक बटण फिरवलं आणि तो फाटला. तोच. पहिली ओळ म्हणाली. दुसरीला नाव आलं आणि तिनं ते अगदी हळू, खाली घेतलं. म्हाताऱ्या माणसासमोर बसून त्याला बोल लावायचा म्हणून असंल.

"असं नको," मी म्हणलं. "ती रागात होती."

पुन्हा म्हणाली. रडवं केलं.

"रडत नव्हती गं. पाठ सरळ कर. वर बघ. तुझ्या बापाला ठाऊक होतं कसं म्हणायचं ते. तू बी मेंढक्याची लेक हाईस, लांबच्या माणसाला हाक मारायची हाय असं समज."

ओसरीवरची माय म्हणाली, "म्हण बाई जोरात. मला बी एकदा म्हणायचं व्हतं. त्याचं नाव घालून."

सुनंदानं मायकडं बघितलं. मग उभी राहिली. गिटारचा सूर लांब ओढला, मान वर केली आणि सगळा गळा लावून नाव घेतलं. शेजारची माणसं दारात आली, कोण कुणाला हाक मारतंय बघायला.

मी ओ दिली.